मूळप्रत कुणाकडे?

कॉलेजात असताना फीची सोय व्हावी म्हणून मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात लागलो. काम एकच. मी मूळप्रत मोठ्यानं वाचायची आणि तिथल्या मुद्रितशोधक नानांनी समोर मुद्रितं घेऊन ती ताडून बघायची. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, एखादा कवितासंग्रह, सगळ्यांना एकच न्याय. कादंबरी कशी वाचावी हे मला या मुद्रितशोधकानं शिकवलं. ते ऋण फिटण्यातलं नाही, निदान त्याची नोंद तरी व्हावी.

ऑर्वेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ आम्हाला अभ्यासाला होती. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, एवढं पाठ केलं की परीक्षेची चिंता नव्हती. नानांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं आणि परत दिलं तेव्हा समासात बारीक काकपदं होती, गाळलेला शब्द घालायला मुद्रितात करतो तशी. प्राण्यांनी भिंतीवर रंगवलेल्या सात आज्ञांपैकी काहींत पुढे गुपचूप शब्द वाढतात. पलंगावर झोपायला बंदी होती, तिथे चादरीची अट येते. दारूबंदीत प्रमाणाचा शब्द शिरतो, हत्येच्या आज्ञेत कारणाचा.

“खोडलंय का कुठे बघ,” नाना म्हणाले. “नुसती भर घातलीय. आणि ताडून बघायला जनावरांकडे मूळप्रतच नाही.”

“मग आहे कुणाकडे?”

“तुझ्याकडे. मागे उलट की पानं!”

वर्गात हे कुणी बोललं नव्हतं. निवेदक कुठेच म्हणत नाही की डुकरं खोटं बोलताहेत. प्राण्यांना जेवढं वाटतं तेवढंच तो साध्या सुरात सांगतो. स्नोबॉल गोठ्याच्या लढाईत शौर्यानं लढला, हे आपण वाचलेलं असतं. पुढे तो पळाला होता असं ठरतं, त्याही पुढे तो शत्रूच्याच बाजूनं लढला होता असं ठरतं. प्राणी गोंधळतात, मग मान डोलावतात. साक्षीदार उरतो तो वाचक. मला तर या पुस्तकात रूपकापेक्षा ही युक्ती मोठी वाटते. रशियाचा इतिहास ठाऊक नसलेल्यालाही ती अस्वस्थ करते. आज्ञा बदलणारा डुक्कर स्क्वीलर शिडीवरून रंगाच्या डब्यासकट पडतो तो प्रसंग वाचून नाना मात्र खो खो हसले होते. रात्रपाळीला पकडला गेलाय, म्हणाले.

त्यांना हे एवढं भिडायला कारण होतं. डिसेंबर 1975 मध्ये ते कराडच्या साहित्य संमेलनाला एसटीनं गेले होते. देशात आणीबाणी, अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, ती नानांनी उभं राहून केली. पण भाषणापेक्षा जास्त ते सांगत दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांबद्दल. कानांनी ऐकलेलं आणि छापून आलेलं ओळीनं ताडत बसलो होतो, म्हणत. तेव्हा सेन्सॉर होता.

ऑर्वेलच्याच ‘1984’मध्येही त्यांनी हेच धरलं. चॉकलेटचा वाटा तीस ग्रॅमवरून वीसवर आणतात, आणि वीसवर ‘वाढवल्याबद्दल’ लोक आभार मानतात. नायक विन्स्टनची नोकरीच जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करण्याची. “म्हणजे आमच्याच धंद्यातला,” नाना म्हणाले, “पण उलट्या बाजूचा.”

ही रीत सगळीकडे चालते असं नाही. पुढे मी झाम्यातिनची ‘वुई’ वाचली. 1920-21 मध्ये लिहिलेली. तिचं इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला 1924 मध्ये निघालं आणि खुद्द सोव्हिएत देशात ती 1988 पर्यंत छापली गेली नाही. काचेच्या घरांत राहणारा इंजिनिअर डी-503 राज्याचे गोडवे गात रोजनिशी लिहितो. तिथे मागची पानं उलटून भागत नाही. त्याची गणिती, ठाम वाक्यं कुठे अर्धवट तुटू लागतात ते कानानं टिपावं लागतं. ऑर्वेलनं 1946 मध्ये या पुस्तकावर लिहिलं होतं.

नानांशी माझा एक वाद मिटला नाही. तळटीप वाचल्याशिवाय ते पान उलटत नसत, त्यामुळे ‘1984’च्या सुरुवातीची एक तळटीप त्यांना लगेच सापडली. न्यूस्पीक ओशनियाची अधिकृत भाषा होती, असं ती भूतकाळात सांगते. शेवटचं परिशिष्टही भूतकाळातच. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली आणि नंतर कुणीतरी शांतपणे हे लिहितंय, असं नानांचं म्हणणं. मार्गारेट अ‍ॅटवुडनंही तसंच मानलंय, हे मला खूप नंतर कळलं. मला स्वतःला ते अजून पुरतं पटत नाही. विन्स्टनचं जे झालं ते परिशिष्टानं भरून येत नाही.

अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबनं 1949 मध्ये ते परिशिष्ट आणि कादंबरीतल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकाचा भाग वगळायला सुचवलं होतं. ऑर्वेल क्षयानं अंथरुणाला खिळलेला, पैसे मोठे, तरी त्यानं नकार दिला. शेवटी क्लबनंच माघार घेतली. हे मी वाचलं तोवर नाना गेले होते. त्यांना सांगितलं असतं तर माझ्या तोंडावर जिंकल्याचं हसले असते, आणि मग पहिला प्रश्न आला असता, “ती तळटीप तरी शाबूत छापली का त्यांनी?”