पाचामुखी परमेश्वर

पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. परंतु तो त्या मुखांतून केव्हा बोलतो, याचा विचार सहसा करीत नाही. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली तो केला. प्रत्येक पंच शंभरांत ६० वेळा बरोबर ठरत असेल, तर तिघांचे बहुमत सुमारे ६५ वेळा आणि अकरांचे ७५ वेळा बरोबर ठरते. अट एकच: प्रत्येकाचे मत स्वतंत्र असावे. दुसऱ्याकडे पाहून हात वर करणारे अकरा पंच हिशेबात एकच धरावे लागतात.

या गणितात वेळेचा विचार नाही. मधमाश्यांना मात्र तो करावाच लागतो. पोळे सोडून फांदीला लोंबणाऱ्या थव्याला लवकर घर हवे असते. मार्टिन लिंडाउअर यांनी १९५५ साली जर्मनीत व पुढे टॉमस सीली यांनी अमेरिकेत त्यांची रीत नोंदविली. काहीशे टेहळ्या माश्या ढोल्या धुंडाळतात व परतून नाचतात. जागा जितकी उत्तम, तितका नाच दीर्घ. नाच पाहणारी माशी त्यावर विसंबत नाही, स्वतः जागा पाहून येते. शिवाय फेरीगणिक प्रत्येकीचा नाच ओसरतो. एका ढोलीपाशी एकाच वेळी २०-३० जणी जमल्या, की निर्णय झाला. हा आकडा लहान असता तर घाईने चूक होती. मोठा असता तर थवा उघड्यावर ताटकळता. दोन जागा तुल्यबळ असल्यास? विरुद्ध पक्षाच्या नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवितात. या ढुशांमुळेच कोंडी फुटते, असे २०१२ सालच्या गणिती प्रतिरूपाने दाखविले.

हे वाचताना आम्हांस आमच्या गावचे वाचनालय आठवले. नव्या जागेसाठी नऊ जणांची समिती नेमली होती. जागा पाहिल्या दोघांनी. इतरांनी अध्यक्षांचा चेहरा पाहिला. पुढे दोन तट पडले आणि कोणाचाही नाच ओसरेना. वर्ष लोटले, दोन्ही जागा परक्यांनी घेतल्या, आणि कपाटांतील जुन्या पोथ्यांना वाळवी लागली. त्या समितीत मूर्ख कोणीच नव्हते. सगळे शिकलेसवरलेले, वाचनालयावर जीव असलेले.

माश्या भांडत नाहीत असे नव्हे. पण ढोली हरली म्हणून माशी हरत नाही. साऱ्याजणींना राहायचे असते एकाच घरात. आमच्या गावालाही वाचनालय एकच होते.