तारलीचा वाटा
मोहन्यात आमच्या चाळीत महिनाअखेरीला तारलीच यायची. सुरमई पगाराच्या रविवारी, एरवी तिरफळं घालून तारलीचं तिखलं. मामा तिथल्या ज्या कंपनीत कामाला होता, तिच्यातल्या अर्ध्या कामगारांची घरं या मासळीवर चालायची. 2009 मध्ये कंपनी बंद पडली तसा मामा मालवणला परतला आणि दांडीच्या किनाऱ्यावर रापणीत उभा राहिला.

पुढे एका दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो. पहाटे होडीनं समुद्रात जाळ्याचा वेढा टाकला आणि दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावरची माणसं ओढायला लागली. मीही लागलो, तळहात सोलून निघाले. जाळं वर आलं तर थोडे पेडवे, चार-दोन बांगडे, बाकी केर. वाटे पडायला वेळ लागला नाही.

"तेनी भायरच घेरून नेल्यानी तर रापणीक काय गावतला?" मामा म्हणाला.

'तेनी' म्हणजे पर्ससीनवाले. तारली, बांगडा थव्यानं फिरतात. पर्ससीनचं जाळं थव्याभोवती गोल सोडतात आणि तळाच्या कड्यांतला दोर खेचतात. बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं मिटतं, आख्खा थवा आत. रापण मासळी किनाऱ्याजवळ येण्याची वाट बघते, पर्ससीन तिला गाठायला जाते. भांडण तिथंच आहे.

पंचाईत अशी की मामाचा थोरला पर्ससीनवर खलाशी. रात्री जेवताना जुंपलीच.

"रापणीत माका काय गावता? थंय पगार असा."

"पगार माका पण होतो," मामा म्हणाला. मामी मुकाट्यानं भात वाढत राहिली.

कागदावर नियम कडक आहेत. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 ला राज्य सरकारनं आदेश काढला: पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरच, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, 25 मिलिमीटरपेक्षा लहान नको, परवाने टप्प्याटप्प्यानं 182 वर आणायचे. एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर 2017 मध्ये केंद्रानं बंदी घातली. 2021 मध्ये राज्यानं दंड लाखांत नेला. पण रात्री दांडीवर उभं राहिलं की क्षितिजावर उजेडाची रांग दिसायची. तिथं कोण कुठल्या परवान्यावर आहे, हे किनाऱ्यावरून कसं कळावं?

सगळं खापर पर्ससीनवर फोडणंही मला पटत नाही. 2012 मध्ये देशात सात लाख टनांहून जास्त तारली मिळाली, पुढच्या काही वर्षांत ती कोसळली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यात समुद्र तापवणाऱ्या एल निनोचाही हात असल्याचं सांगितलं. मात्र समुद्र तापल्यावर उरलेला थवा जास्त जपायला हवा, की आधी घेरायला हवा?

मला जास्त डाचतं ते वेगळंच. लहान तारली माणसाच्या ताटात येतेच असं नाही. गोवा-कर्नाटकातल्या कारखान्यांत तिचं तेल निघतं, चोथ्याचं फिशमील होतं आणि ते कोळंबीला, कोंबड्यांना घालतात. ती कोळंबी परदेशी जाते. महिनाअखेरीची मासळी अशी मधल्यामध्ये गायब होते, आणि तिची बाजू घ्यायला कुठलीच संघटना नाही. रापणकारांची आहे, पर्ससीनवाल्यांचीही आहे.

निघताना मी थोरल्याला विचारलं, डिसेंबर संपल्यावर काय करणार?

"मालकाक इचार," तो म्हणाला, आणि बापाच्या जाळ्याचा फाटलेला पदर पुढ्यात ओढून विणायला बसला.