अंगण वाकडंच!

हुबळीला गेलो की कमरीपेठेतल्या सावजी खानावळीत जेवण ठरलेलं. मागच्या खेपेला रस्सा खारट लागला. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, "तप्पु नंदे." चूक माझीच. आचाऱ्याला बोल नाही, मिठाला नाही.

मला मोरिन्हो आठवला. मार्च २०१८ मध्ये सेव्हियाकडून घरच्या मैदानावर हरल्यावर मँचेस्टर युनायटेडचा हा प्रशिक्षक पत्रकारांसमोर बारा मिनिटं क्लबच्या जुन्या अपयशांचा पाढा वाचत बसला. ताफ्यात ८.९ कोटी पौंडांचा पोग्बा, तरी अंगण वाकडंच!

आपण गोंयकार तरी कुठे वेगळे? २०१६ साली एफसी गोवा तळाला गेला, तेव्हा फातोर्ड्याहून परतताना मीही रेफ्रीला, नशिबाला बोल लावले. आपला संघ वाईट खेळला, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.