कोरडा प्लग

"प्लग ओला आहे की कोरडा?" भाच्याने फोनवर विचारलं, आणि मी गप्प. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी प्लग कधी हातात धरलेला नव्हता.

त्याआधी चाळीस वेळा दोरी ओढून झाली होती. (मोजल्या होत्या. जन्म बँकेत गेला, मोजल्याशिवाय राहवत नाही.) दसरा उलटून गेलेला, कलमांच्या बागेत गवत छातीला लागलेलं, काढायला माणूस मिळेना, आणि मे महिन्यात बाग साफ करून ठेवून दिलेला ग्रासकटर पडवीत ढिम्म. खांदा भरून आला होता. शेवटी मी त्याला चक्क तिरका केला. आमचे हे स्कूटरला तसंच करायचे, पेट्रोल उतरावं म्हणून, आणि ती बिचारी सुरू व्हायची. इथे काही नाही.

"मावशी, त्यात स्कूटरसारखी पेट्रोलची वाटी नसते गं. ते उलटं धरलं तरी चालतं. दोरी सोड, प्लग काढ." भाचा मिरकरवाडा बंदरात बोटींची डिझेल इंजिनं बघतो. माझ्या मशीनला तो खेळणं म्हणतो.

मशीनबरोबर आलेल्या पिशवीत प्लगपाना होता, इतकी वर्षं घडीसुद्धा न मोडलेला. काळी रबरी टोपी उपसली, पाना बसवला, डावीकडे जोर लावला आणि कट्ट! करंगळीएवढी ती वस्तू तळहातावर आली. टोक तपकिरी. बोट फिरवलं तर कोरडं ठणठणीत.

"कोरडा? मग अर्धं काम झालं!" तो म्हणाला. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. कोरडा म्हणजे पोचतच नाही. चाळीस वेळा मी दोरी ओढत बसले, आणि उत्तर त्या भोकात निवांत बसलेलं!

"पण ठिणगी बघून घे." प्लग टोपीत घातला, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या पंखांना टेकवली, भोकापासून लांब, आणि दोरी ओढली. प्लग मी धातूलाच धरला होता. कोपरापर्यंत अशा झिणझिण्या गेल्या की फोन खळ्यात! दुसऱ्या खेपेला कपड्यांचा लाकडी चिमटा. तिन्हीसांजा झाल्या होत्या, म्हणून दिसली: टिच्च, निळी, मोहरीएवढी. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही, चाकात बसवलेलं लोहचुंबक कॉइलसमोरून जातं आणि एवढ्यावर वीज! मिनिटाला सहा हजार फेरे झाले तर सेकंदाला अशा शंभर. मी उगाचच आणखी पाच वेळा दोरी ओढली. खांद्याचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

मग कानात औषध घालायच्या ड्रॉपरने प्लगच्या भोकात चार थेंब पेट्रोल, प्लग परत घट्ट, आणि दोरी. भर्रर्र! दोन सेकंद. बंद. पण ते दोन सेकंद! म्हणजे ठिणगी ठीक, दाब ठीक, मशीन जिवंत आहे, फक्त उपाशी आहे.

आणि इथे भाच्याने जे सांगितलं ते ऐकून मी खळ्यातच मटकन बसले. या इंजिनात पिस्टन वर जाताना वरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पेटीत पोकळी करून नवं ओढून घेतो. खाली येताना तेच नवं वर ढकलतो. लोहाराचा भाता! खालची पेटी अशी पंपाच्या कामाला लागलेली, तिथे तेल साठवणार कुठे? म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. लिटरला चाळीस मिली हे मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चार वेळा मोजून वर्षानुवर्षं घालतेय, पण का, ते आज कळलं. खालच्या पेटीचाच पंप करायची ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथच्या जोसेफ डेची, 1891 सालच्या पेटंटातली. आणि पेट्रोल ओढणारा पंप? कार्बोरेटरमधला एक पातळ पडदा, त्याच भात्याच्या श्वासावर फडफडणारा. इंजिन स्वतःच्या श्वासाने स्वतःला भरवतं!

"मावशी, तो रबरी फुगा दाबून बघ."

फुगा! तो मी सुरुवातीलाच दाबला होता. दाबला की चेपलेलाच राहायचा, मग आळसावून फुगायचा. मला वाटलं, म्हातारा झाला असेल. पण तो सांगत होता की मागून पेट्रोल येतच नाही, वाट टाकीत तुंबली आहे.

टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला गाळणी असते. माझी क्रोशाची सुई आत घातली आणि नळी अलगद बाहेर ओढली. गाळणी काकवीत बुडवल्यासारखी पिवळट, चिकट. फुंकून पाहिलं, हवा जाईना. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल, हलका भाग उडून गेलेला, शिवाय हल्ली त्यात 20 टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या आषाढात ओलाव्याला काय तोटा! चूक माझीच, टाकी रिकामी करून ठेवायची होती.

जुनं ओतून टाकलं, गाळणी ताज्या पेट्रोलमध्ये खळबळून धुतली, आता फुंक आरपार. नवं मिश्रण. फुगा दाबला तर टुणकन वर, आणि नळीतून पेट्रोल धावताना दिसलं. चोक बंद, एक, दोन, तिसऱ्याला खोकला. लगेच चोक उघडला (हेही आजच कळलं, नाहीतर प्लग भिजतो), दोरी, आणि निळसर धूर सोडत मशीन असं गरजलं की गडग्यावरचं मांजर पळालं.

अंधार पडलेला. गवत कसलं काढणार? मी ते बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. चौथ्यांदा गडग्यापलीकडून शेजारच्या भाऊंनी हाक मारली, "काय वहिनी, रात्रीचं गवत काढताय की काय?"

"नाही हो," मी ओरडले, "भाऊ, तुमच्या गोठ्यात ती बंद पडलेली स्कूटर अजून आहे ना?"