कापूसच जड

माझं उत्तर कापूस. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड, असं विचारलं की शहाणी माणसं ‘दोन्ही सारखंच’ म्हणून विचारणाऱ्याचा हिरमोड करतात, भोळी ‘लोखंड’ म्हणून हसं करून घेतात. शिर्डीच्या दर्शनबारीत मी ‘कापूस’ म्हणालो आणि पुढच्या पोराचा चेहरा उतरला. त्याला एक तर हसायचं होतं, नाही तर हरायचं होतं. मी त्याला दोन्ही करू दिलं नाही.

हिशेब मात्र खोटा नाही. पाणी वस्तूला वर ढकलतं तशी हवाही ढकलते, अगदी थोडी. वस्तू जेवढी जागा अडवते तेवढ्या हवेच्या वजनाइतका तो जोर. किलोभर लोखंड अडवतं जेमतेम १२७ घनसेंटिमीटर. किलोभर कापसातली पोकळी सोडून नुसते तंतू धरले, तरी साडेसहाशेच्या घरात. शिर्डी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, तेव्हा इथल्या हवेचं वजन लिटरला साधारण १.१ ग्रॅम धरू. तराजूच्या काट्यावर दोन्ही पारडी बरोबर उभी राहिली, याचा अर्थ हवेने कापसाला जास्त उचलून धरलंय. कापसाच्या पारड्यात माल लोखंडापेक्षा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्तच आहे. हवा काढून घ्या, कापसाचं पारडं खाली बसेल. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिक या जर्मन गृहस्थाने याच तत्त्वावर एक उपकरणही केलं होतं.

अर्धा ग्रॅम. वाण्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. पण वादात तो मला पुरला, आणि तेच तेव्हापासून टोचतंय. कारण त्याच दिवशी गुरुस्थानापाशी एक सुशिक्षित गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते की तिथल्या कडुनिंबाची पानं गोड लागतात, त्यामागे ‘शास्त्रीय कारण’ आहे: उदाधुपाच्या धुराने कडवटपणा उडून जातो. मी मनात लगेच खोडून काढलं. निंबातली कडू द्रव्यं जड रेणूंची, ती अशी वाफ होऊन उडत नाहीत. मग वाटलं, यांच्यात आणि माझ्यात फरक काय? उत्तर आधी ठरलेलं, शास्त्र मागून हमालीला. माझी आकडेमोड बरोबर होती, एवढंच. बाईंनी तेवढ्यात खाली पडलेलं एक पान उचललं, कपाळाला लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. चाखून काही पाहिलं नाही. त्यांना कारणाची गरज नव्हती, चवीचीही नसावी.

समाधी मंदिरातलं सोन्याचं सिंहासन आणि साईबाबांची जाड्याभरड्या कापडाची कफनी, असा कापूस आणि सोन्याचा धडा इथे कुणीही काढील. तो हजारदा काढून झालाय.

माझा हिशेब मोडला तो वेगळ्याच माणसाने. बारीत मागे उभे असलेले शेवगावकडचे एक बाबा सगळं शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “ते समदं खरं, पण कापूस वला का वाळल्याला?”

मी गप्प. कापूस हवेतलं पाणी ओढतो हे मला ठाऊक होतं, हिशेबात धरलेलं नव्हतं. नेहमीच्या हवेत किलोभर कापसात सत्तर-ऐंशी ग्रॅम नुसतं पाणीच असतं. तीच गाठोडी पावसाळी हवेत जड, चैत्रात हलकी. अशा ठिकाणी माझा अर्धा ग्रॅम शोधायचा कुठे? लोखंडाचं तरी काय, वाण्याकडचं षटकोनी वजन उलटं करून पाहा: बुडाला खळगा, त्यात ओतलेलं शिसं, आणि शिशावर वजनमापं खात्याचा ठसा. कमी भरलं की शिसं घालायचं, जास्त झालं की खरवडायचं. ज्याच्याशी तोलायचं तेही निव्वळ लोखंड नाही.

बाबा पुढे सांगत होते, पोराला आणि मलाही. सकाळचं दव अंगावर असताना वेचलेला कापूस काट्यावर चांगला भरतो. व्यापारी कापसात हात घालून नुसत्या बोटांनी ओल ओळखतो आणि भाव पाडतो. खरेदी केंद्रावर मीटर खुपसतात, त्याचा आकडा एकदा आला की बोलायला जागा नाही. पोरगं कोडं विसरून ऐकत होतं. “मंग जड काय?” असं त्याने शेवटी विचारलंच. बाबा म्हणाले, “कुणाला ठावं. आपुन पैशे मोजून घ्यायचे.”

कापूस, लोखंड की पाणी, माझं उत्तर आता पक्कं नाही. तुमच्या घरी कापूस असेल तर एवढं पक्कं: कापूस महामंडळ पूर्ण हमीभाव देतं तो आठ टक्के ओलाव्यापर्यंत, त्यापुढे भाव कापतं, आणि बाराच्या वर गेला की माल घेत नाही. वाळवून न्या.