सहा पॉइंट सात

बी. कॉम.ला मला ४३ टक्के होते. हे मी लग्नाआधी सासऱ्यांना सांगितले नाही आणि लग्नानंतर त्यांनी विचारले नाही. पण टक्के म्हणजे टक्के! शंभरातले किती, हे आमच्या खामगावच्या बाजारातल्या शेंगदाणेवाल्यालाही कळते. तेव्हा परीक्षा नागपूर विद्यापीठाची होती. १९८३ साली अमरावतीचे झाले आणि पुढे केव्हातरी टक्केच गेले.

परवा इंजिनिअरिंगवाल्या कन्येने ओरडून सांगितले, "बाबा, सहा पॉइंट सात!"

"शंभरात?" मी घाबरून विचारले.

"दहात हो!"

तिने मग ज्ञान दिले. प्रत्येक विषयाला क्रेडिट. 'ओ' ग्रेडला १० गुण, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, असे उतरत उतरत काठावरच्या पासाला ४. माझा चेहरा पाहून शेजारचे नानाजी मदतीला आले. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात त्यांनी सेंटरवर बैलगाडीखाली कित्येक रात्री काढल्या. त्यामुळे 'ग्रेड' हा शब्द त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक.

"क्रेडिट म्हंजे क्विंटल अन् ग्रेड म्हंजे भाव," ते म्हणाले. "समजा, तीन क्विंटल नवाच्या भावानं, तीन आठाच्या, अन् चार क्विंटल कवडी चाराच्या भावानं. सत्तावीस, चोवीस अन् सोळा, झाले सदुसष्ट. दहा क्विंटलनं भागा."

"कवडी म्हणजे गणित," कन्या पुटपुटली.

एवढ्यावर भागले असते. पण नोकरीचा अर्ज आला. अट : किमान ६० टक्के. सरळ दहाने गुणले तर ६७. सीबीएसईच्या दहावीला पूर्वी चालायचे तसे साडेनऊने गुणले तर ६३.६५. एआयसीटीईच्या तक्त्याप्रमाणे आधी पाऊण वजा करून मग दहाने गुणले तर ५९.५! मुलगी एकच, पण एका हिशोबाने साहेबीण, दुसऱ्याने घरी. आणि अर्जात बारीक अक्षरांत लिहिलेले, की तक्ता एआयसीटीईचाच धरावा.

मुदत रात्री बारापर्यंत. "बारीक अक्षर कोण वाचतंय? सदुसष्ट लिही," असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. तिने माझ्याकडे न बघता ५९.५ लिहिले. चौकट लाल झाली.

"गाडी घरी वापस नेऊ नका," नानाजी म्हणाले, "सकायी दुसऱ्या सेंटरवर लावा."

ते गेल्यावर मी तिला माझे ४३ सांगून टाकले. ती इतकी हसली, की काय झाले म्हणून तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तिलाही माहीत नव्हते.