तियात्राची रात्र

दिवाळीच्या सुट्टीत मी व माझा कन्नडभाषक मित्र बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला गेलो. दुपारी खाणावळीत हुमण-भात, संध्याकाळी मांडवीकाठी फेरफटका आणि रात्री तियात्र! १८९२ साली मुंबईत जन्मलेला हा कोंकणी नाट्यप्रकार. दोन पडद्यांच्या मध्ये नट पुढे येऊन 'कांतार' गातात. साथीला ट्रंपेट, ड्रम. मला निम्मे शब्द कळले, मित्राला त्याहून कमी. तरी आम्ही पोट धरून हसलो.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "न कळणाऱ्या भाषेतलं नाटक तीन तास बघितलंस. कन्नड तर तुला येतं. मग आमच्या नाटकाला का येत नाहीस?"

घाट संपला, तरी मला उत्तर सुचले नाही. शेवटी एवढेच म्हणालो, "तिकीट काढ."